विहिरींचा आराखडा लेखी मंजूर झाल्याशिवाय बोअरची गाडी बोलावू नका

जुन्या ड्रायक्लीनिंगच्या जागेत भूजल दूषित झालंय का ते तपासायला 'तीन निरीक्षण विहिरी घेऊन टाकू, मंजुरीचं नंतर बघू' असं तुमचा सल्लागार म्हणतोय, हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. नऊ वर्षांपूर्वी आम्ही नेमकं हेच केलं होतं.

नियामक कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले, 'करा सुरू.' आम्ही केलं. चार महिन्यांनी त्यांची बदली झाली. नव्या साहेबांचा पहिलाच प्रश्न: विहिरीतल्या जाळीची (ज्या भागातून पाणी आत येतं त्याची) खोली कुणी मंजूर केली? दाखवायला एक चिठोरंही नव्हतं. सगळे अहवाल अमान्य.

प्रश्न मात्र रास्त होता. आमच्या जाळ्या भूजलाच्या पातळीलगत होत्या. पेट्रोलचा शोध असता तर चाललं असतं, ते वर तरंगतं. ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे साफ करायला वापरतात ते द्रावक, पर्क्लोरोएथिलीन, पाण्याच्या सुमारे १.६ पट जड. ते खाली खाली जातं आणि चिकणमातीच्या थरावर साचतं. नमुने निरंक आले म्हणून आम्ही निर्धास्त होतो, आणि माल कित्येक मीटर खाली पडून होता. आता खोल जायचं म्हणून कुणी तो चिकणमातीचा थर आरपार भोसकू देऊ नका. दूषित द्रव्याला खालच्या पाण्यात उतरायला वाट मिळते. थर लागला की काय करायचं, हे आराखड्यातच लिहून घ्या.

त्या कार्यालयाचा राग अजून जात नाही. एका पत्रात एकच शंका, उत्तर दिलं की दोन महिन्यांनी दुसरी. सगळ्या एकदम विचारल्या असत्या तर वर्ष वाचलं असतं. शेवटी मी प्रत्येक फोननंतर 'आज आपलं असं बोलणं झालं' अशी ईमेल पाठवायला लागलो. तुम्ही पहिल्या दिवसापासून पाठवा.

मी भूजलतज्ज्ञ नाही, नियमही जागोजागी वेगळे असतात. तरी नमुने घेताना स्वतः हजर राहा, असं माझं ठाम मत आहे. ४० मिलीची बाटली उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नमुना पुन्हा घ्यायला लावा, कारण बाष्प होणारी रसायनं त्या मोकळ्या जागेत निघून जातात. ताबा-नोंदीच्या कागदावर (नमुना कधी, कुणाच्या हातात होता याची नोंद) वेळ आणि सही तिथल्या तिथे हवी. आमच्या एका कागदावर वेळच नव्हती, तेवढ्यावरून नमुन्यांची अख्खी पेटी बाद झाली.

आणि तीन विहिरी एका रेषेत घेत असतील तर थांबवा, प्रवाहाची दिशा त्यातून निघत नाही. सल्लागाराकडून जाळीच्या खोलींचा तक्ता मागवा आणि इथे टाका, मी बघतो.