म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

"बाबांना पॅलिएटिव्हवाल्यांकडे पाठवलंय. म्हणजे आता डॉक्टरांनी हात टेकले ना?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिनं विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हातातली चिठ्ठी इतक्या वेळा घडी घालून उलगडली होती की कागद घडीवर विरायला आला होता. वडिलांना हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पुढे ढकलायची ताकद कमी होणं), वर्षभरात तिसऱ्यांदा अ‍ॅडमिट झालेले.

हा प्रश्न मला सतत ऐकू येतो आणि त्यामागची भीती उगाच आलेली नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाराचा त्रास कमी करून जगणं सुसह्य करणारी परिहार सेवा, बरीच वर्षं सगळे उपाय संपल्यावरच दिली जायची. लोकांनी ती मरणाच्या दारातच पाहिली.

मी म्हटलं, "चिठ्ठीत कुठलं औषध बंद करा असं लिहिलंय का?" तिनं पुन्हा वाचलं. नव्हतं. हृदयाची सगळी औषधं तशीच होती, हृदयरोगतज्ज्ञांची पुढची तारीखसुद्धा.

मग तिला २०१० सालचा बॉस्टनमधला अभ्यास सांगितला. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच कळलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांच्या जोडीला सुरुवातीपासून परिहार सेवा. दुसऱ्या गटाचे दिवस बरे गेले, नैराश्य कमी राहिलं. आयुष्यही साधारणपणे जास्त मिळालं: ८.९ महिन्यांऐवजी ११.६. पूर्वी मी हाच आकडा आधी पुढे करायचे. ते चुकीचं होतं. तो ऐकला की घरचे महिने मोजायला लागतात, माणूस बाजूला राहतो. शिवाय तिच्या वडिलांचा आजार वेगळा. हार्ट फेल्युअरच्या १५० रुग्णांचा ड्यूक विद्यापीठातला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांत जगणं सुसह्य झालं, चिंता आणि नैराश्य कमी झालं. मृत्यूंच्या किंवा पुन्हा भरती होण्याच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. हेही तिला सांगितलं. अर्धीच बाजू सांगून दिलेला धीर पुढच्या भरतीच्या रात्री टिकत नाही.

पुढच्या वेळी ती वडिलांना घेऊन आली. आमच्या नर्सनं त्यांना विचारलं, "काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मला वाटलं, धाप म्हणतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आंघोळीचा." अंगावर पाणी घेताना दम कोंडतो, आत पडलो तर कुणाला कळणार नाही, म्हणून ते दाराची कडी लावत नव्हते. मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली. कडी लावायला ते विसरतात असं समजून तिनं दोनदा त्यांना टोकलं होतं.

मग कामाची बोलणी झाली. बसून आंघोळ, मध्ये थांबणं. पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेकून बसणं. हातात धरायचा छोटा पंखा: त्याचा वारा चेहऱ्यावर घेतला की धाप कमी जाणवते, पायावर घेतला तर तेवढी नाही, हे प्रयोगात तपासलेलं आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे रात्री तीनदा उठावं लागायचं. तिची वेळ बदलता येईल का, हे नर्सनं डॉक्टरांना विचारून घेतलं.

निघताना काका मला हळूच म्हणाले, "पुन्हा आयसीयूत जायचं की नाही, यावर मला बोलायचंय. हिच्यासमोर जमेना." पुढची तारीख आम्ही त्यासाठीच ठेवली. तिला ते मी सांगू का, असं विचारलं. "तुम्ही नको, मीच सांगतो," म्हणाले.

परवा तिचा फोन आला. कडी ते अजून लावत नाहीत. ती दाराबाहेर स्टूल टाकून बसते आणि ते आतून तिच्याशी बोलत राहतात. आयसीयूची गोष्ट त्यांनी तिथूनच काढली म्हणे.