मिस्साला जात नाही, तरी मी ख्रिस्ती आहे का?

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याच्या बाजूचा, एसटीत ड्रायव्हर आहे, वय ४१. तीन वर्षांपूर्वी वडील वारले तेव्हा आमच्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, कमिटीतल्या माणसांनी आधी वर्गणीची थकबाकी काढली, मग खड्ड्याचं बोलणं केलं. प्रेत घरात होतं ओ. त्या दिवसापासून मी चर्चची पायरी चढलो नाही. पण येशूला सोडलं नाही, पहाटे साडेपाचची गाडी माझी असते, इंजिन सुरू करायच्या आधी स्टेअरिंगवर हात ठेवून 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणतो, बायबल वाचतो, कधीकधी पडवीत बसून त्याच्याशी नुसता बोलतो आणि खरं सांगतो, पूर्वीपेक्षा आता तो जवळ वाटतो. आई मात्र रोज रडते. म्हणते, "इगर्जीत (चर्चमध्ये) नाय गेलस तर मेल्यार तुका पुरतलो कोण?" मी ख्रिस्ती राहिलो की नाही?

उत्तर : भाऊ, पहिल्यांदा तुमच्या वडिलांबद्दल. तुमच्या घरात जे झालं ते चुकीचं होतं, आणि तुम्ही चिडलात म्हणून तुमचा विश्वास कच्चा आहे असं कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

तुम्ही ख्रिस्तीच आहात. बाप्तिस्मा एकदाच होतो आणि तो पुसला जात नाही, ही कॅथलिक चर्चचीच शिकवण आहे, माझं मत नव्हे. आता दुसरी बाजू पण लपवत नाही, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकवू नये हा चर्चचा नियम आहे आणि तो तुम्हाला माहीतच आहे. आणि आईंना सांगा, मिस्साला येत नाही म्हणून माती द्यायची नाही असा कायदा चर्चमध्ये नाही, ज्यांनी उघडपणे धर्मच टाकला वगैरे अशांचा विचार वेगळा होतो, तुम्ही त्यात बसत नाही. थकबाकीबद्दल बिशपना साधं पत्र लिहा, तारीख घालून, काय बोलले ते जसंच्या तसं. तुमचं दुःख त्याने कमी होणार नाही, पण पुढच्या घरात प्रेत असताना कोणी वर्गणीची वही उघडणार नाही.

वही उघडण्यावरून आठवलं. येशूने मंदिरात पैशाचा बाजार मांडणाऱ्यांना हाकललं ते आपण सगळे सांगतो, पण लूकच्या १९व्या अध्यायात लगेच पुढचं वाक्य आहे की त्यानंतर तो रोज त्याच मंदिरात शिकवत होता. चिडला, पण जागा त्यांच्या ताब्यात सोडून गेला नाही. हे तुम्ही परत यावं म्हणून सांगत नाही, कधी यायचं की यायचंच नाही ते तुम्ही ठरवा. फक्त ती जागा वही घेऊन बसलेल्यांचीच आहे असं मनात पक्कं करू नका, तुमच्या वडिलांची पण होती ती.

आणि बाहेर राहूनही ख्रिस्ताचे झालेले आपल्याकडे आहेत की. कवी नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ला जन्म, १८९५ला बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षं मिशनचं काम केलं आणि १९१७ला ते सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले चालत होते, न झालेले पण. दोनच वर्षांत, १९१९ला ते वारले. पण मला त्यातली गोष्ट जी लागते ती ही, की मिशन सोडल्यावर हा माणूस एकटा जाऊन बसला नाही. दरबार म्हणजे माणसं आलीच.

जपानचं उदाहरण मला याहून मोठं वाटतं. तिथे १६१४ला ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, पाद्र्यांना घालवलं, लपले त्यांना मारलं, आणि १८६५ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी आले आणि फ्रेंच फादरना हळूच म्हणाले की आम्ही पण तुमच्याच विश्वासाचे. दोनशेहून जास्त वर्षं चर्च नाही, पाद्री नाही! टिकले कसे, तर गावातलाच एक जण पोरांना बाप्तिस्मा द्यायचा, एक जण सणांच्या तारखा लक्षात ठेवायचा आणि दारं लावून एकत्र प्रार्थना व्हायची. त्यांच्याकडे चर्च नव्हतं पण एकमेकं होती.

तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती इथेच. चर्च नसल्याची नाही. पत्रभर शोधलं, तुम्ही आणि येशू सोडून तिसरं कोणीच नाही त्यात, आई आहे ती पण नुसती रडायला. खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर हे मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे हे पण त्याच मत्तयच्या अठराव्यात आहे. एकट्याच्या प्रार्थनेत देव हळूहळू आपल्यासारखाच बोलायला लागतो, आपला राग तो त्याचा राग, हे मी स्वतः अनुभवलंय, नवरा गेल्यावर दीड वर्ष मी पण घरातच प्रार्थना करत होते.

मला बाहेर काढलं ते लदीनने, म्हणजे सगळ्यांनी मिळून गाऊन म्हणायच्या प्रार्थनेने. आमच्या वाडीतल्या खुरसाकडे (क्रुसाकडे) मे महिन्यात लदीन असते, तिथे फादर लागतच नाही, वाडीतला कोणी म्हातारा सुरुवात करतो, बायका मागून म्हणतात, एखादा व्हायोलिन घेऊन येतो, मग उकडलेले चणे वाटतात आणि तासभर गप्पा. चण्यांचा द्रोण हातात देताना शेजारणीने काही न विचारता माझा हात धरला, तेवढंच. आपल्या किनाऱ्यावरचा धर्म अर्धा असाच अंगणात राहिलाय, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना घरात, लदीन खुरसाकडे. तो अर्धा तरी तुमच्याकडून कोणी काढून घेतलेला नाही.

म्हणून ड्यूटी नसेल त्या संध्याकाळी आईसोबत तेर्सला बसा. तुम्ही सुरुवात करा, त्यांना मागून म्हणू दे. शेजारचं एखादं घर येतंय का बघा. तीन वर्षं त्या एकट्याच म्हणत असतील ती.

प्रश्न : मी हिंदू घरातली, सासर रत्नागिरीजवळ. नर्सिंग शिकताना मिळालेला बायबलचा नवा करार अजून कपाटात आहे, रात्री तो वाचते आणि येशूला हाक मारते. घरी कोणालाच माहीत नाही. गणपतीत आरती पण मनापासून करते. मी दोन्हीकडे खोटं वागतेय का?

उत्तर : नाही ग. पंडिता रमाबाईंनी १८८३ला बाप्तिस्मा घेतला आणि स्वतःच लिहून ठेवलंय की धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त भेटला तो आठ वर्षांनी. एवढ्या विद्वान बाईला आठ वर्षं लागली तर तू घाई कशाला करतेस. आरती सोडायची, बाप्तिस्मा घ्यायचा, हे आज ठरवायलाच हवं असं काही नाही. पण कपाटात लपवणं मनाला खातं. सगळ्या घराला सांगू नकोस, आधी नवऱ्याला सांग, तो करार त्याच्या हातात दे, आणि तुला यातलं जे पान सगळ्यात आवडतं ते त्याला वाचून दाखव.