पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला

प्रश्न : फेब्रुवारीत ऊस तुटला. यंदा पाचट (उसाची वाळलेली पानं) न जाळता सरीत पसरलं, वरून एकरी दोन गोण्या युरिया फेकला, दोन दिवसांनी पाणी दिलं. दीड महिन्यानंतर खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा आहे. शेजारचं पाचट जाळलेलं रान मात्र हिरवंगार. पाचट काढून टाकू का?

उत्तर : काढू नका, आणि पेटवू तर मुळीच नका. आधी पिवळं कोणतं पान आहे ते बघा. पोंग्यातली (शेंड्याच्या सुरळीतली) कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हे नेहमीचंच. तिथे युरिया ओतून काही होत नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन फवारा.

खालची जुनी पानं शेंड्याकडून पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतं, म्हणून कमी पडलेलं नत्र ते जमिनीतून उचलतात, उसाच्या मुळांच्या आधी. ते बुडीत जात नाही. जिवाणू मेले की ते अमोनियमच्या रूपात सुटतं, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मग उसाला मिळतं. पण तोवर फुटव्यांचे (नवे कोंब येण्याचे) दिवस निघून जातात. शेजाऱ्याच्या रानात हा वाटेकरीच नाही; त्याच्या पाचटातलं नत्र मात्र धुरात गेलं.

तुमचा युरिया तर पाचटावरच राहिला. दोन दिवस पाणी नाही, म्हणजे त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडाला.

आता वापशावर (पाणी ओसरून माती नुसती ओलसर असताना) एकरी एक गोणी युरिया पहारीनं भोकं पाडून द्या. बुडख्यापासून 10 ते 15 सेंमीवर, 15 सेंमी खोल, दोन भोकांत 30 सेंमी अंतर. भोक मातीनं बुजवायलाच हवं, नाहीतर पुन्हा तेच. लगेच हिरवेपणा हवा तर 10 लिटरला 200 ग्रॅम युरिया, ऊन उतरल्यावर फवारा. सरीत पाणी तुंबू देऊ नका. मुळाशी हवा संपली की नायट्रेटचाही वायू होऊन जातो. दुसरा हप्ता ऊस तुटल्यापासून 135 दिवसांनी, बुडख्याच्या दुसऱ्या बाजूला.

पुढच्या खोडव्याला पाचट पसरलं की टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका, त्याच दिवशी पाणी सोडा. एकरी पाचट 3 ते 4 टन निघतं, त्या हिशेबानं. हा युरिया जिवाणूंचा. उसाच्या हप्त्यातून तो वजा करू नका.