पीएफ कापला पण भरलाच नाही : तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे, म्हणून आज फक्त थकलेला पीएफ.

प्रश्न : पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो, पासबुकात आठ महिने एंट्री नाही. एचआर म्हणतं सिस्टीम अपडेट होतेय.

आठ महिने कुठलीच सिस्टीम अपडेट होत नसते. महिना संपल्यावर १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. पीएफ ऑफिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

प्रश्न : कंपनीकडे तीन वर्षांचा पीएफ थकलाय. युनियनने करार केलाय, निम्मी रक्कम हप्त्यांनी मिळणार आणि त्या बदल्यात पीएफ ऑफिसातली तक्रार मागे घ्यायची. सही करू का?

करू नका, आणि हे जरा सविस्तर सांगतो कारण असे करार माझ्यासमोर सारखे येतायत. पगारवाढीवर, शिफ्टवर युनियनने हवी तेवढी घासाघीस करावी, ते तिचं कामच आहे. पण पीएफ कंपनीचा नाही आणि युनियनचाही नाही. तुमच्या पगारातून कापलेले १२ टक्के तुमचेच, ते कापून न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, आणि मालकाचा हिस्सा कायद्याने ठरवलेला, त्यात सूट द्यायचा अधिकार कुठल्याच पुढाऱ्याला नाही. १९५२ च्या पीएफ कायद्यातल्या कलम ७अ खाली पीएफ आयुक्त चौकशी करून पूर्ण रक्कम ठरवतात, वर १२ टक्के व्याज, दंड वेगळा. 'कंपनी अडचणीत होती' ही सबब सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच हिंदुस्तान टाइम्सच्या केसमध्ये नाकारलीय.

युनियनने थकबाकीची यादी करावी. कोण, कुठल्या महिन्यात, किती पगारावर, आणि ठेकेदाराची माणसं त्यात हवीतच. मागे एक काका रबर लावलेलं स्लिपांचं पुडकं घेऊन आले, सहा वर्षं जपलेलं, पण निम्म्या स्लिपांवरची शाई उडालेली, पीएफचा आकडाच दिसेना. जीव तुटतो हो असं बघून. आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. १९५२ च्या कायद्याच्या जागी आणलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा घातलीय, तेव्हा 'युनियनची निवडणूक होऊ दे मग बघू' असं करत बसू नका, आणि तुमच्या थकबाकीला कुठला कायदा लागतो ते कामगार कायद्याच्या वकिलाला करार दाखवूनच विचारा.

प्रश्न : मागे कापायचा राहिलेला आमचा हिस्सा मालक आता एकदम पगारातून कापणार म्हणतो.

नाही कापता येत. खरंच चुकून राहिला असेल तेवढाच अपवाद.

प्रश्न : कंपनी दिवाळखोरीत गेली. सगळे म्हणतात पैसे बुडाले.

सगळे म्हणतात म्हणून बुडत नाहीत. पीएफची देणी लिक्विडेशनच्या, म्हणजे कंपनी मोडून विकायच्या, मालमत्तेत धरतच नाहीत, ती बँकांच्या वाटणीत जात नाहीत. लिक्विडेटरकडे (ही विक्री बघणारा अधिकारी) आणि पीएफ ऑफिसात दोन्हीकडे लेखी मागणी द्या, वकिलाकडून तपासून घेऊन.

प्रश्न : एक एजंट दहा टक्के कमिशनवर थकलेला पीएफ काढून देतो म्हणाला, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आणि ओटीपी मागतोय.

देऊ नका. जो पैसा भरलाच नाही तो एजंट कुठून काढणार? तक्रार करायला एक रुपया लागत नाही. ओटीपी देऊन बसला असाल तर आधी पासवर्ड बदला आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर, बँक खातं तुमचंच आहे ना ते लगेच बघा.