इंग्रजी बिलावर ₹ चिन्ह आणि रकमेपुढे '/-' ही दोन्ही लिहावीत का?

सोलापूरच्या चाटी गल्लीतील कापड दुकानाच्या बिलावर आपण पाहिलेले '₹ ८५०/-' हे लेखन चूक नाही; मात्र छापील बिलात '/-' अनावश्यक आहे. दशमान पद्धतीपूर्वी ब्रिटनमध्ये '५/-' म्हणजे पाच शिलिंग, शून्य पेन्स असे लिहीत. तीच खूण आपल्याकडे 'वर पैसे नाहीत' या अर्थाने रुजली आणि १९५७ मध्ये आणे-पै जाऊन नवे पैसे आले तरी टिकली. हाताने लिहिलेल्या चेकवर किंवा पावतीवर तिचा खरा उपयोग होतो, कारण ८५० ला लागूनच रेघ ओढली की पुढे आणखी एक शून्य घुसडता येत नाही. अक्षरी रकमेनंतरचे 'ओन्ली' त्याचसाठी असते. '८५०.००/-' मात्र टाळावे (सर्रास दिसते, हे खरे), कारण त्यात पैसे नाहीत हे दोनदा सांगितले जाते. २०१० मध्ये स्वीकारलेले ₹ हे चिन्ह आकड्याआधी लिहावे व सोबत पुन्हा 'आरएस' लिहू नये. सोलापुरी चादरी किंवा टॉवेल निर्यात करताना इनव्हॉइसवर 'आयएनआर' (इंडियन रुपी, म्हणजे भारतीय रुपया) हा संकेत वापरावा, कारण पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंकेचे चलनही रुपयाच आहे.