बीपी ऐकू आलं नाही, तरी लिहून टाकलं

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचं वॉर्ड पोस्टिंग सुरू झालं की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो : 'मॅडम, माझ्या हातून पेशंटचं काही बरंवाईट झालं तर?' गोव्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता 'काही नाही होत गं, घाबरू नकोस' असं मी चटकन म्हणत नाही. होऊ शकतं. ज्याच्या अंगात अंथरुणातून उठायचं बळ नाही अशा माणसाची जबाबदारी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीवर येते, तेव्हा तिला भीती वाटली नाही तरच मला काळजी वाटेल. मी एवढंच बघते, की ती भीती तिला पेशंटकडे अधिक नीट बघायला लावते आहे, की तोंड मिटून गप्प बसायला लावते आहे.

डिचोलीकडची एक मुलगी आठवते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बी.एस्सी. नर्सिंगचं पहिलं वर्ष. आली तीच 'कोर्स सोडू का?' असं विचारत. इंजेक्शनचा ट्रे हातात घेतला की हात थरथरतात, रात्री झोप लागत नाही, सकाळी बसमध्ये बसलं की पोटात गोळा येतो. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. 2018 मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. त्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. तरीही वडिलांनी फी भरली. 'आमची बाय सिस्टर होणार' हे वाड्यावर सगळ्यांना सांगून झालेलं. अशा घरात 'मला जमत नाही' म्हणायला जागाच उरत नाही.

मला एक गोष्ट खटकत होती. स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, तिनं इंजेक्शन व्यवस्थित दिलं होतं आणि खऱ्या पेशंटला अजून एकदाही दिलं नव्हतं. मग थरथर नेमकी कशाची? 'हात पहिल्यांदा कधी थरथरले?' असं विचारलं तर ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या भेटीत स्वतःहूनच सांगितलं.

वॉर्डात तिच्याकडे एका वयस्क, अंगानं जाड बाईंचं बीपी घ्यायचं काम होतं. दंडाला कफ, म्हणजे हवेचा पट्टा, बांधला, हवा भरली, स्टेथोस्कोप लावला, पण काहीच ऐकू येईना. भेटायला येणाऱ्यांची वेळ, बाजूच्या खाटेवर गलका. परत हवा भरली. बाई कळवळल्या, 'बाय, हात दुखता गो.' मागे सीनियर सिस्टर चार्टसाठी थांबलेल्या. हिनं सकाळची नोंद बघितली, 130/80. आणि आपल्या रकान्यात लिहिलं 128/82. नक्कल वाटू नये म्हणून आकडे थोडे बदलले.

हे सांगताना ती रडली नाही. तिचा आवाजच बसला.

मी आधी पेशंटचं विचारलं. पुढच्या ड्युटीवरच्या सिस्टरनी बीपी पुन्हा घेतलं होतं, बाई ठीक होत्या. ते ऐकल्यावरच पुढं बोलले. 'तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तू एक चुकीची गोष्ट केलीस आणि ती एकटीच वागवत फिरते आहेस, म्हणून हात थरथरतात.' पुढचंही स्पष्टच सांगितलं, कारण इथं गोड बोलणं म्हणजे तिचं नुकसान. रकाना रिकामा राहिला तर कुणीतरी विचारतं, परत मोजतं. मनानं भरलेला आकडा कुणी परत मोजत नाही. डॉक्टर त्याच्यावर विसंबून गोळीचा डोस ठरवतात. ऐकू न येणं हा शिकण्यातला टप्पा आहे, खोटी नोंद हा पेशंटला धोका आहे. या दोन गोष्टी तिच्या मनात एक झाल्या होत्या. म्हणून तिनं निष्कर्ष काढला होता, की मी नर्स व्हायच्या लायकीचीच नाही.

पुढच्या वेळी तिला बीपीचं मशीन आणायला सांगितलं आणि माझाच हात पुढे केला. मी नर्स नाही. म्हणून म्हटलं, 'मला काही येत नाही असं समज आणि काय करते आहेस ते मोठ्यानं सांगत कर.' सुरुवातीला कफ गुंडाळतानाही बोटं थरथरत होती. 'पाच मिनिटं शांत बसायचं, पाय खाली टेकलेले, बोलायचं नाही. दंड उघडा, हृदयाच्या पातळीवर. कोपराच्या वळणात, आतल्या बाजूला नाडी बोटानं शोधायची, स्टेथोस्कोप तिथंच ठेवायचा. मनगटाची नाडी हाताला लागेनाशी झाली की आकडा त्याच्यावर आणखी 20 ते 30 नं चढेपर्यंत हवा भरायची. मग सावकाश सोडायची, सेकंदाला 2 ते 3. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज बंद झाला तो खालचा.' निम्म्यात येईपर्यंत तिचा आवाज सरळ झाला आणि बोटंही. मग स्वतःच थांबली आणि म्हणाली, 'मॅडम, त्या दिवशी मी नाडी शोधलीच नव्हती. स्टेथोस्कोप कफच्या खाली खुपसला होता. आणि त्यांच्या दंडाला तो कफ लहानच पडत होता.' लहान कफनं आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. घाईत आणि शरमेत ते आठवलं नव्हतं.

ज्ञान कमी होतं म्हणून हे घडलं नाही, हे माझं ठाम मत आहे. मागे उभ्या असलेल्या सिस्टरना 'मला ऐकू आलं नाही' एवढं म्हणायला तिला जमलं नाही म्हणून घडलं. त्यामुळे आम्ही सराव केला तो त्या वाक्याचा. मी सीनियर सिस्टर व्हायचं, कपाळाला आठ्या घालायच्या, 'अजून झालं नाही?' म्हणायचं. तिनं उत्तर द्यायचं, 'सिस्टर, मला ऐकू आलं नाही. परत घेते, तुम्ही एकदा बघाल का?' सुरुवातीला ती 'सॉरी, सॉरी' करत वाक्य गिळायची. मी पुन्हा आठ्या घालायचे. हळूहळू तिच्या तोंडून ते वाक्य सरळ यायला लागलं.

क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना ती घटना तिनंच सांगायची असं ठरलं. मी फोन केला नाही. त्या रागावल्या, रागावणं योग्यच होतं. मग तिला घेऊन वॉर्डात गेल्या आणि एका पेशंटच्या दोन्ही दंडांचं बीपी तिच्याकडून घेतलं, प्रत्येक आकडा स्वतः पडताळून.

तरीही एक शंका तिला सतावत होती. 'सीनियर सिस्टर नुसत्या खाटेजवळून गेल्या तरी ओळखतात की या पेशंटचं काहीतरी बिनसलंय. मला सगळं आठवून आठवून करावं लागतं.' तिला मी पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी नर्सिंग अभ्यासकाबद्दल सांगितलं. 1984 मध्ये त्यांनी नर्सचा प्रवास नवशिकी ते निष्णात अशा पाच टप्प्यांत मांडला. नवशिकी नियम धरून चालते, कारण तिच्याकडे अजून अनुभव नसतो. निष्णात नर्सला शेकडो पेशंट पाहिल्यामुळे सगळं चित्र एकदम दिसतं. पायरीपायरीनं करणं हा तिचा कमीपणा नव्हता. तिच्या टप्प्यावर सुरक्षित काम करायचा तोच रस्ता आहे. घाई आहे म्हणून नवशिकीनं अंदाजानं काम केलं, की तिथं धोका सुरू होतो.

पुढे तिच्याशी बोलताना अशा बऱ्याच जागा निघाल्या. एक तर आपल्याकडची नावं. एका वॉर्डात दोन नाईक किंवा दोन गावस असणं गोव्यात रोजचं आहे. 'तुम्ही नाईक ना?' असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही मान हलवतो. 'तुमचें नांव सांगात' म्हणायचं, पूर्ण नाव त्यांच्याच तोंडून ऐकायचं आणि मनगटावरच्या पट्टीचा नंबर केस पेपरशी जुळवायचा. औषध, डोस, देण्याचा मार्ग आणि वेळ त्यानंतर. दुसरी जागा इन्सुलिनची. आपल्या देशात एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटची आणि 100 युनिटची अशी दोन्ही ताकदीची इन्सुलिन मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. 100 ची बाटली घेऊन 40 च्या सिरिंजमध्ये 10 च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटच्या अंगात 10 नाही, 25 युनिट जातात. म्हणून इन्सुलिन भरलं की देण्याआधी दुसऱ्या नर्सला बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखवायची. हे ऐकून ती म्हणाली, 'म्हणजे अनुभवी सिस्टरपण विचारतात?' हो, विचारतात. चांगल्या वॉर्डात विचारायलाच लावतात.

आईवडिलांना एक विनंती. मूल पोस्टिंगवरून घरी आलं की 'आज काय काय केलंस?' याबरोबर 'आज कुठं अडलीस, कुणाला विचारलंस?' हेही विचारा. या मुलीच्या वडिलांना मी एकदा भेटले. त्यांना वाटत होतं, फीचा विषय काढायचा नाही म्हणजे मुलीवर दडपण नाही. पण ती घरात कधीच अडचण सांगत नव्हती, कारण त्यांनी कधी विचारलीच नव्हती. पुढे ते शनिवारी तिला बसवर आणायला जायला लागले आणि वाटेत दोघं बोलायला लागली.

प्रत्येक भीती सरावानं जात नाही, हेही सांगायला हवं. आठवडे उलटले तरी झोप नाही, वॉर्डच्या दारात श्वास कोंडतो, जेवण तुटलं आहे किंवा जगणं नको असे विचार येत आहेत, तर वाट बघू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत तपासणी होते आणि टेली मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. उपचार घेतले म्हणून कुणाची नर्स होण्याची संधी जात नाही.

ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे. मधे फोन आला तेव्हा हात थरथरतात का ते विचारलं. 'नवीन काही करायचं असलं की अजून थरथरतात,' म्हणाली. 'तेव्हा मी सिस्टरना आधीच सांगते, मी हे पहिल्यांदा करते आहे, बाजूला थांबा.'