क्रूझवर असताना घरच्यांशी ई-मेलने कमी खर्चात संपर्क कसा ठेवावा?

आपण लिहिले आहे की बार्सिलोनाहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर आपण दोघे जाणार आहात, जहाज मार्सेय, जेनोव्हा आणि रोमजवळच्या चिवितावेक्किया या बंदरांना लागणार आहे, नांदेडला घरी वयस्कर सासूबाई असतील आणि जहाजावरील इंटरनेटचे दर पाहून आपण चिंतेत पडला आहात. तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी सिंगापूरहून पेनांग-फुकेटच्या क्रूझवर गेलो, तेव्हा आमच्यापुढेही हाच प्रश्न होता. आई अहमदपूर तालुक्यातील आमच्या गावी धाकट्या भावाकडे होती आणि दिवस जूनचे, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावरचे होते.

माझे स्पष्ट मत असे आहे की, केवळ ई-मेलसाठी सबंध प्रवासाचे इंटरनेट पॅकेज घेऊ नये. कंपनी आणि योजना यांनुसार फरक पडतो, तरी एका उपकरणासाठी दिवसाला साधारण १५ ते ३० डॉलर मोजावे लागतात, आणि हा खर्च अखंड जोडणीचा असतो. ई-मेलला अखंड जोडणी लागतच नाही. मजकूर आधी लिहून ठेवता येतो आणि जोडणी मिळाल्यावर क्षणात रवाना होतो. मोबाइलवरील जीमेलमध्ये इंटरनेट नसतानाही पत्र लिहून ‘पाठवा’ दाबले, तर ते आउटबॉक्समध्ये थांबून राहते आणि फोन नेटवर्कला लागताच आपोआप निघते. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे दोन हजार चिन्हांचे भरगच्च पत्रसुद्धा जेमतेम सहा किलोबाइटचे होते. याउलट फोनवर काढलेला एक फोटो सहज तीन-चार मेगाबाइटचा, म्हणजे अशा पाचशेहून अधिक पत्रांएवढा असतो. म्हणून जहाजावरून फक्त मजकूर पाठवावा आणि फोटो बंदरावर उतरल्यावर तिथल्या हॉटेलच्या वाय-फायवरून पाठवावेत.

आम्ही रोज रात्री केबिनमध्ये बसून एक पत्र लिहीत असू. पेनांगच्या धक्क्यावर उतरून सावलीला उभे राहिलो आणि फोनला स्थानिक नेटवर्क मिळाले, तेव्हा आउटबॉक्समधील तीन पत्रे एकापाठोपाठ निघून गेली आणि त्याच मिनिटाला भावाचे पत्र आले: “रात्री चांगला पाऊस झाला, पण ओल वीतभरच आहे. सोयाबीन पेरू का थांबू?” मी तिथेच उभ्याने लिहिले की शंभर मिलिमीटर होईपर्यंत थांब. त्या पत्राच्या शेवटी आईने लिहवून घेतलेला प्रश्न होता, “समुद्रात पाऊस पडतो का?” त्याचे उत्तर मात्र मी रात्री सावकाश, पानभर लिहिले आणि ते दुसऱ्या बंदरावरून गेले. भावाने ते तिला दोनदा वाचून दाखवल्याचे नंतर कळले. व्हिडिओ कॉलवर एवढे बोलणे झाले नसते, असे मला आजही वाटते.

आपला मार्ग तर याहून सोयीचा आहे, कारण स्पेन, फ्रान्स आणि इटली हे तिन्ही देश युरोपीय संघात आहेत आणि तिथल्या एका देशाचे सिम साधारणपणे इतर सदस्य देशांतही जादा आकाराशिवाय चालते. आपला फोन ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये बसवता येणारे सिम) घेणारा असेल तर युरोपभर चालणारे छोटे डेटा पॅकेज नांदेडहून निघण्यापूर्वीच घरच्या वाय-फायवर बसवून घ्यावे. भारतीय सिम फोनमध्ये तसेच राहते, फक्त त्याचा डेटा बंद ठेवावा.

मात्र ही सवलत जमिनीवरील नेटवर्कपुरतीच आहे, आणि आमची चूक नेमकी इथेच झाली. किनारा मागे पडला की जहाज स्वतःचे मोबाइल नेटवर्क सुरू करते. ते उपग्रहामार्फत चालते, त्याचा दर वेगळा आणि फार जबर असतो आणि नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेले नसते. पत्नीचा फोन पहिल्या रात्री उशाशी तसाच राहिला, त्याने आपणहून ते नेटवर्क पकडले, फोटोंचा बॅकअप सुरू झाला आणि पुढच्या बिलात साडेचार हजार रुपये जादा आले. एकही मेल न पाठवता एवढे पैसे गेले, याचे दुःख मोठे होते. म्हणून जहाजावर पाऊल ठेवताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा, वाय-फाय हवे असल्यास तेवढेच वेगळे सुरू करावे, आणि फोटोंचा बॅकअप व ॲपचे स्वयंचलित अपडेट घरीच बंद करून निघावे.

एखादा संपूर्ण दिवस समुद्रातच जाणार असेल आणि सासूबाईंच्या प्रकृतीमुळे जीव राहत नसेल, तर त्या एका दिवसाचेच पॅकेज, तेही एकाच फोनसाठी घ्यावे. बऱ्याच जहाजांवर एका फोनवरून लॉग-आउट करून दुसऱ्यावर तीच जोडणी वापरता येते, त्यामुळे दोघांचे काम भागते. स्वस्त योजना घेताना तिच्यात ई-मेल चालतो का, हे काउंटरवर आवर्जून विचारावे, कारण काही ठिकाणी त्या दरात फक्त ठरावीक सोशल मीडिया ॲप चालतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परक्या ठिकाणाहून खाते उघडताना गूगल ओळख पटवायला सांगते आणि समुद्रात एसएमएसने येणारा कोड पोहोचत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असल्यास खात्याच्या सुरक्षा विभागात आठ अंकी दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर लिहून पासपोर्टपासून वेगळे ठेवावेत.

घरच्यांना मात्र वेळ सांगून ठेवा. उन्हाळ्यात त्या तिन्ही देशांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे सकाळी नऊला आपण बंदरावर उतरलात तर नांदेडला दुपारचे साडेबारा वाजलेले असतील. “दुपारी एकच्या सुमारास पत्र येईल, एखाद्या दिवशी आले नाही तर जहाज समुद्रात आहे असे समजावे,” एवढे सांगितले की घरी कोणी काळजीने उपाशी बसत नाही. जहाजाचे नाव, केबिन क्रमांक, रोजच्या बंदरांची नावे आणि कंपनीचा तातडीचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून द्यावा. आमचा कागद आईने देवघराच्या कोनाड्यात ठेवला होता आणि रोज दिवा लावताना ती नातवाकडून त्या दिवशीच्या बंदराचे नाव वाचून घेत असे.